सातव्या काडीची घडी

छत्री उघडेल, पण टिकणार नाही, असं कॉम्प्युटरनं तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा सिन्नरच्या चाचणीशाळेत सकाळचे पावणेदहा झाले होते. आणि वर, चारशे किलोमीटरवर, ‘ओसरी’ नावाच्या अंतराळस्थानकात तीन माणसांपुरती हवा उरली होती अठ्ठावीस तासांची. त्या तिघांतली एक मालन दिवटेची लेक होती.

मालनला येवल्याहून गाडी पाठवून उचलून आणलं होतं. बिचारी नेसत्या साडीनिशी आली, पायांत घरातल्या स्लिपर. निवृत्त होऊन चौदा महिने झालेली बाई. त्याआधीची सव्वीस वर्षं तिनं या शाळेत एकच काम केलं होतं. अवकाशात गेल्यावर उघडायच्या ज्या वस्तू असतात, अँटेना म्हणा, सौरपंखे म्हणा, त्यांची घडी घालायची, उघडून बघायच्या, आणि पुन्हा घडी घालायची. पैठणी विणणाऱ्या घरातली पोर, कापडाला हात कसा लावायचा हे तिला शिकवावं लागत नव्हतं, म्हणून घेतली होती. पुढे ती घडीविभागाची प्रमुख झाली. तिची सही दिसली की दुसरं कुणी तपासत नसे.

“ताई, बसा,” देवदत्त उकिडवे म्हणाला. हा शाळेचा आताचा संचालक. पूर्वी तिच्याच हाताखाली शिकलेला, हडकुळा, आवाज कधी न चढवणारा.

“बसायला नाही आले मी. केतकीचं काय ते सांग.”

त्यानं सांगितलं. पहाटे कसल्याशा जुन्या उपग्रहाचा तुकडा, नखाएवढा, ओसरीला जोडलेल्या परतीच्या यानातून आरपार गेला होता. यान निकामी झालं आणि जाता जाता हवेच्या दोन टाक्या फुटल्या. खालून दुसरं यान पाठवायचं तर किमान चार दिवस. राहिली ती छत्री.

ही छत्री म्हणजे शेवटचा उपाय. पृथ्वीकडे परतताना वातावरणात शिरायचं तर ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटरचा वेग असतो, समोरची हवा पेटते. त्यासाठी मोठं कवच लागतं, आणि एवढं मोठं कवच वर नेऊन ठेवायला जागा नसते. म्हणून ही युक्ती. तिघं दाटीवाटीनं बसतील अशी एक कुपी, आणि तिच्या पुढ्यात पेटीत मिटून ठेवलेली आठ मीटरची छत्री. कार्बनच्या धाग्यांचं सहापदरी कापड आणि बारा काड्या. काड्या कशा, तर सुताराच्या पोलादी टेपसारख्या, किंचित पन्हळीच्या. ती टेप बाहेर ओढली की ताठ राहते, आणि बाजूनं टिचकी मारली की कट्कन वाकून लोंबते. ताठ राहणं आणि वाकून पडणं यांच्यात किती अंतर आहे, ते मोजणं म्हणजे या शाळेचं काम. बारांतली एक काडी जरी उलटली तरी छत्री कलंडते, आणि मग आत बसलेल्यांचं काही उरत नाही.

उकिडव्यानं पडदा तिच्याकडे वळवला. “नऊ वर्षं छत्री घडी घालून पडलीय. इतकी वर्षं एका जागी दुमडलेलं कापड ती घडी सोडत नाही, उघडल्यावरही तिथं आखडतं. आराखड्याप्रमाणे घड्या काड्यांना चिकटून आहेत. आखडलेलं कापड काडीला बाजूला ओढणार, वरून हवेचा दाब येणार. साठ टक्के दाबालाच काड्या उलटतात. तीनदा करून पाहिलं.”

मालन पडद्यावरच्या लाल रेघांकडे बघत राहिली. मग खुर्चीत बसली.

“घड्या तिथं नाहीत,” ती म्हणाली.

“काय?”

“त्या रेघा चुकीच्या आहेत, देवदत्त. मी घड्या सरकवल्यात. प्रत्येक काडीपासून दोन बोटं.”

आता ही गोष्ट काय होती ते सांगायला हवं. नवी पैठणी आली की ती आधी स्वतः नेसायची नाही, अशी आपल्याकडची रीत. जवळच्या कुणाला तरी घडी मोडायला द्यायची, लेकीला नाहीतर जावेला. तिनं अंगाला लावली की मग ती साडी आपली. नऊ वर्षांपूर्वी छत्रीच्या सगळ्या चाचण्या संपल्या होत्या. वहीत नोंद झाली होती: तीनदा उघडली, तीनदा मिटली, निरीक्षण काही नाही. दुसऱ्या दिवशी पेटी सीलबंद होणार होती. रविवार होता, शाळेत कुणी नव्हतं, आणि एकोणीस वर्षांची केतकी कॉलेजच्या सुट्टीत आईला भेटायला आली होती. मालनला काय वाटलं कोण जाणे. आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हातावेगळं झालेलं, आणि लेक डोळे विस्फारून बघतेय. ती म्हणाली, “मोड घडी.” केतकीनं खटका दाबला आणि छत्री फाडकन उघडली, आणि दोघी मायलेकी वेड्यासारख्या हसत सुटल्या.

मग ती पुन्हा मिटायला हवीच ना. दोघींनी मिळून मिटली. चौथ्यांदा त्याच रेघांवर घडी घालायला मालनचा हात धजेना. रेशीम घडीवर चिरतं, म्हणून येवल्यात दर खेपेला घडी दोन बोटं सरकवतात. तिनं तेच केलं. आणि वहीत काहीही लिहिलं नाही.

“म्हणजे चारदा उघडली,” उकिडवे म्हणाला.

“चारदा.”

“सुधारित आराखडा का नाही मागितलात?”

“मागितला असता तर चौथ्यांदा का उघडली ते सांगावं लागलं असतं. लाज वाटली रे. पोरीच्या कौतुकापायी उड्डाणाची वस्तू उघडली, असं कोणत्या तोंडानं सांगणार होते?”

उकिडव्यानं आवाज चढवला नाही, पण त्याचे कान लाल झाले होते. “नऊ वर्षं मी नव्या मुलांना तुमच्या वह्या दाखवून सांगतोय, नोंद अशी करावी. आणि ताई, वर माणसं राहत होती. त्या छत्रीच्या भरवशावर.”

“ठाऊक आहे.” ती म्हणाली. “केतकीची ओसरीवर नेमणूक झाली तेव्हापासून मला झोप नाही. मी निरोपाला गेले नाही. तिला वाटलं, आई रुसली. दहा महिने बोलली नाही माझ्याशी. काय सांगू तिला? की ज्या छत्रीखाली तू राहणार आहेस तिच्या कागदावर मी खोटं लिहिलंय?”

उकिडवे खिडकीशी गेला, परत आला. रागवायलाही वेळ नव्हता. कॉम्प्युटरमध्ये नवी घडी घालून पाहायची तर ती नेमकी कशी होती हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि असल्या कापडाचं वागणं नुसत्या गणितावर सोडायची त्याची तयारी नव्हती. पण गोदामात या छत्रीची जुळी बहीण होती. तिला त्या दिवशीसारखी घडी घालायची, आणि उघडून, ओढून, ताणून बघायचं. एकच अडचण होती. नऊ वर्षं कुठून आणायची?

ती भट्टीत मिळतात. काड्यांमधली राळ आणि कापडावरचा लेप हे थंडीत फार सावकाश बदलतात, उष्णतेत भराभर. आढीत घातलेला आंबा चार दिवसांत पिकतो, तसंच काहीसं. हिशेब असा निघाला, की पंच्याऐंशी अंशांवर अकरा तास ठेवलं की नऊ वर्षांची घडी पडते. मात्र हे एकदाच करता येणार होतं. दुसरी जुळी नव्हती, आणि दुसरे अकरा तासही नव्हते.

मालननं हात धुतले. समोरचं टोक धरायला उकिडवे स्वतः उभा राहिला, कारण असली घडी एकट्यानं नीट पडत नाही. दोन बोटं मोजायची, कापड वळवायचं, तळहातानं दाबायचं, पुढची काडी. तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट गेल्या वर्षीपासून संधिवातानं आखडलेलं होतं. सहाव्या काडीपर्यंत ते कसंबसं चाललं. सातव्या काडीला त्यात अशी कळ आली की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

“थांबू या का?” उकिडवे म्हणाला.

“थांबून काय ते बोट बरं होणारे? दाब तिकडनं.”

संध्याकाळी सातला जुळी भट्टीत गेली.

भट्टीचं दार उघडलं तेव्हा बाहेर उजाडलं होतं. जुळीला मोठ्या दालनात नेलं. अंतराळात वस्तूला वजन नसतं आणि सिन्नरला ते असतं, म्हणून तिथं छतावरून शेकडो बारीक दोऱ्या सोडलेल्या, कप्पीवरून वळवलेल्या, पलीकडच्या टोकाला तेवढ्याच वजनाचे गोळे. वस्तू पिसासारखी तरंगते. खटका दाबला. टक्, टक्, टक्, बाराच्या बारा काड्या सरळ झाल्या. कुणीतरी टाळी वाजवली, आणि मालन त्याच्यावर डाफरली, “अजून काही झालेलं नाही!”

नव्हतंच झालेलं. आता प्रत्येक काडीला तारा बांधून मागे ओढायचं होतं, हवा ओढेल तसं. चाळीस टक्के. साठ टक्के, जिथं कॉम्प्युटरनं आशा सोडली होती, तिथं काही झालं नाही. सत्तर. मालन ओठ आवळून उभी होती. ऐंशी टक्क्यांना सातवी काडी जराशी शहारली आणि कट्कन उलटली.

उकिडव्यानं सातवी सोडवून बाकीच्या अकरा ओढायला सांगितल्या. त्या एकशेदहा टक्क्यांपर्यंत ताठ उभ्या राहिल्या, तिथं यंत्र थांबवलं. मग मालन गुडघ्यांवर बसून मोजपट्टीनं घड्या मोजत गेली. अकरा घड्या काडीपासून छत्तीस मिलिमीटरवर, तिच्या दोन बोटांएवढ्या. सातवी सत्तावीसवर. बोट आखडलेलं होतं, तिथं घडी नऊ मिलिमीटर आत गेली होती.

“म्हणजे वरची टिकेल!” ती उठता उठता म्हणाली. “देवदत्त, तेव्हा माझे हात धड होते. वरची सातवी छत्तीसवरच असणार.”

“असणार म्हणजे? तुमची वही म्हणते, छत्री तीनदा उघडली.”

हे तिला लागलं. पण त्याचं बरोबर होतं.

इकडे वाटेची आकडेमोड करणाऱ्यांनी कुपीतून निघेल ते सगळं काढायला सांगून, उतरण्याचा कोन जेवढा उथळ करता येईल तेवढा करून, दाब अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर आणला होता. त्याखाली येत नव्हता. ऐंशीला उलटणारी काडी अठ्ठ्याऐंशीला पुरणार नव्हती. नऊ वाजले होते. दहाला निघाले नाहीत तर उतरायची जागा हातची जाणार होती.

ओसरीशी बोलणं जोडून दिलं. पडद्यावर कमांडर तुस्कानो दिसला, वसईचा, चेहरा घामानं डबडबलेला. मागे डॉक्टर सेल्वी भिंतीला टेकून डोळे मिटून होती, हवा वाचवत. आणि मग केतकी पुढे आली. दहा महिन्यांनी दिसलेली लेक. मालननं सगळं सांगितलं, निरोपाला का आली नाही तेही. मधे थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढचं बोलवलं नसतं.

केतकी ऐकत होती. “एवढंच होतं?” ती म्हणाली. “मी दहा महिने काय काय मनात आणलं, आई.”

“नंतर भांड माझ्याशी. आधी पेटीची खालची झडप उघड. मनगटापर्यंत हात जातो. सातवी काडी मागच्या अंगाला आहे, दिसणार नाही, चाचपावी लागेल. काडीपासून घडीपर्यंत अंतर किती आहे ते सांग. मी घातलेली घडी आहे, माझी दोन बोटं भरायला हवीत.”

केतकी हलली नाही.

“अगं जा ना!”

“आई,” केतकी म्हणाली, “सातवी तू नव्हती घातलीस.”

“म्हणजे?”

“वॉचमननं तुला गेटवर बोलावलं होतं. माझ्या गाडीचा नंबर लिहायचा राहिला होता म्हणून. तू येईपर्यंत मी एक घडी घालून टाकली. एकटीनं. दोन बोटं मोजून, तू दाखवलंस तशी. तुला सांगितलं असतं तर तू ती मोडून परत घातली असतीस.” तिचा चेहरा आता एकोणीस वर्षांच्या मुलीसारखा झाला होता. “मला वाटलं होतं, मला येतं.”

मालननं टेबलाची कड धरली. केतकीचे हात तिला डोळ्यांपुढे दिसत होते. बापावर गेलेले, लांब आणि बारीक. त्या बोटांची दोन बोटं म्हणजे किती? जुळीची सातवी सत्तावीसला होती आणि ऐंशीला गेली होती. देवा, हिची बोटं सत्तावीस तरी भरतील का? पोरीनं स्वतःच्या हातानं, नऊ वर्षांपूर्वी हसत हसत, आणि तेही आपणच तिला छत्रीला हात लावू दिला म्हणून! तिला मोठ्यानं रडावंसं वाटलं. पण पडद्यावर लेक होती, आणि ती आईच्या तोंडाकडे बघत होती.

“बरं,” मालन म्हणाली. “तू घातलीस ना? मग तूच मोज. हात घाल आत.”

केतकी दिसेनाशी झाली. झडपेचा आवाज आला. तुस्कानो हळू आवाजात आकडे वाचत होता, हवेचे. फार वेळ गेला.

“लागली काडी,” केतकीचा आवाज. “घडी लागली. दोन बोटं बसतात.”

“घट्ट की सैल?”

“सैल. थोडी फट राहते. तांदळाचा दाणा आडवा मावेल एवढी.”

“बोटं मोज. कॅलिपरनं मोज, अंदाजे नको.”

“एकोणतीस.”

एकोणतीस, आणि तांदळाचे दोन धरा. एकतीस. मालननं टेबलावरचा कागद ओढला आणि रेघ काढली, सत्तावीसला ऐंशी, छत्तीसला एकशेदहा. एकतीसला त्र्याण्णव. पाहिजे होते अठ्ठ्याऐंशी.

“दोन बिंदूंमधून रेघ कुणीही काढतं, ताई,” उकिडवे म्हणाला. “तिसरा बिंदू नाही. आणि त्या तांदळात एक मिलिमीटरची चूक असेल तर?”

“तर नव्वद. दोनची असेल तर गेलं. मला काय सांगतोस, कळतं मला!” ती पडद्याकडे वळली. “केतकी, ऐक. तुझी घडी त्र्याण्णवला टिकावी. पाच टक्के वर आहेत. ते पाच टक्के मी छातीवर हात ठेवून देऊ शकत नाही. हे सगळं खरं आहे, एकही गोष्ट लपवलेली नाही.”

“तू माझ्या जागी असतीस तर?”

“निघाले असते. हवा संपायची वाट बघत बसले नसते.”

केतकीनं तुस्कानोकडे पाहिलं. त्यानं सेल्वीकडे. सेल्वीनं डोळे न उघडताच मान हलवली.

परवानगीच्या कागदावर चाचणीप्रमुखाची सही लागते. मालननं सवयीनं पेन उचललं. उकिडव्यानं ते तिच्या हातातून काढून घेतलं.

“तुमची सही आता चालायची नाही, ताई,” तो म्हणाला, आणि त्यानं स्वतःची केली.

दहाला कुपी सुटली. साडेदहाला छत्री उघडली. कुपीवरच्या कॅमेऱ्यात काड्या एकेक करून सरळ होताना दिसल्या. सातवी अर्ध्यावर रेंगाळली, आणि मग तीही झाली. अकरा वाजून चार मिनिटांनी कुपी वातावरणात शिरली. पेटलेल्या हवेतून रेडिओ जात नाही. सहा मिनिटं काहीच कळणार नव्हतं.

मालन कपाटाशी गेली. नऊ वर्षांपूर्वीची वही तिनं स्वतः शोधून काढली. ते पान उघडलं. ‘निरीक्षण काही नाही’ यावर लाल रेघ मारली, आणि खाली लिहायला लागली. चौथ्यांदा उघडली. घडी मोडणारी, केतकी दिवटे. आराखडा सोडून घड्या दोन बोटं सरकवल्या, परवानगी न घेता. नोंद त्या वेळी केली नाही, सही खोटी. मग बाराही काड्या एकीखाली एक लिहून प्रत्येकीपुढे सही करत गेली. पहिली, दुसरी, तिसरी. सातवीशी आली आणि थांबली. ती जागा मोकळी सोडली. आठवी, नववी. हात थांबला तर विचार सुरू होतील, म्हणून ती हळूहळू लिहीत होती. बारावीनंतर लिहायला काही राहिलं नाही.

सहा मिनिटं झाली. मग सात झाली. उकिडवे घड्याळाकडे न बघता उभा होता. आठव्या मिनिटाला मालननं वहीवर डोकं ठेवलं. “ये ग,” ती पुटपुटत होती, “ये ग बाई, ये ग.”

खरखर सुरू झाली. आधी नुसतीच खरखर, मग तुस्कानोचा आवाज, तुटक, आकडे सांगणारा. उंची. वेग. पॅराशूट. दालनात एकच कल्लोळ झाला. मालनला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं, ती एका कानावर हात धरून दुसऱ्यानं स्पीकरला जवळजवळ चिकटली होती.

“आई?” केतकी म्हणाली. “आई, आहेस का तिथं?”

“आहे. आहे ग. लागलं का कुठं?”

“नाही. ती काडी सारखी थरथरत होती. मी तिच्याकडेच बघत होते.” तिला धाप लागली होती. “आई, वहीत लिहिशील ना सगळं? सातवी माझ्या नावावर लिही. तू सही करू नकोस तिच्यापुढं.”

“नाही केली,” मालन म्हणाली. तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि वही जवळ ओढून घेतली. “जागा सोडलीय. ये तू.”